पीसी अचानक बंद पडून सुरूच होत नसेल तर

चालता चालता डेस्कटॉप बंद पडला आणि बटण दाबूनही ढिम्म हलत नसेल, तर लगेच मदरबोर्ड उडाला असं धरू नका. आधी यूपीएस बाजूला ठेवून केबल थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. बॅटरी थकलेला यूपीएस असाच दगा देतो. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा त्याच प्रकारची असते, तीही सीपीयूला लावून पाहा. मागे एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, छोटा स्विच असतो, साफसफाईत तो हमखास बंद होतो.

एवढ्याने भागलं नाही तर केबल काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. व्होल्टेजचा झटका बसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. आतली उरलेली वीज निघून गेली की पुष्कळदा तो पूर्ववत चालतो.

पंखे फिरून काही सेकंदांत पुन्हा बंद होत असतील तर प्रोसेसरचा कूलर पाहा. तो सैल झाला असेल किंवा धुळीने गच्च भरला असेल. काहीच हालचाल नसेल, तर ओळखीच्या कोणाचा तरी चालू एसएमपीएस जोडून बघणं हीच खरी परीक्षा. मात्र एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, केबल काढली असली तरी! त्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. दुरुस्तीपेक्षा तो नवा घेतलेला बरा, आणि अगदी स्वस्तातला नको.