गरजेच्या रकान्यात उपाय: फंक्शनल अ‍ॅनालिसिसमधल्या या चुका टाळा

फंक्शनल अ‍ॅनालिसिसचा तक्ता, म्हणजे वस्तूने कोणकोणती कामं (फंक्शनं) करायला हवीत याची यादी, हातात आला की मी आधी त्यातली नामं वाचतो. त्यात एखाद्या सुट्या भागाचं नाव दिसलं, तर समजायचं की गरजेच्या जागी उपाय लिहिला गेलाय.

इलेक्ट्रिक केटलचंच घ्या. ‘पाणी उकळल्यावर बझर वाजावा’ हे फंक्शन नव्हे. फंक्शन आहे ‘पाणी तयार झाल्याचं कळवणे’. बझर लिहून टाकला की दिव्याचा पर्याय तिथेच मेला, आणि ज्याला ऐकू येत नाही तो वापरकर्ताही यादीतून गेला. त्यातही ‘उकळणे’ हीच गरज आहे का? ग्रीन टी करणाऱ्याला ८० अंश पुरतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी १९४० च्या दशकात व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस (गरजेचं काम कमी खर्चात कसं होईल ते शोधण्याची पद्धत) उभं केलं, तेव्हा फंक्शन एक क्रियापद आणि एक नाम एवढ्यातच मांडायचा आग्रह धरला, तो याचसाठी.

शंका आली की ‘कशासाठी?’ विचारा. बझर कशासाठी? कळावं म्हणून. फक्त हा प्रश्न ताणत ताणत ‘दिवस चांगला जावा म्हणून’ इथवर नेऊ नका. केटलच्या हातात जे नाही, तिथे थांबायचं.

दुसरी चूक मोजमापाची. ‘पाणी लवकर तापावं’ यावर सगळे माना डोलावतात आणि प्रोटोटाइप आल्यावर भांडतात. निकष लिहा, पातळी लिहा, किती सूट चालेल तेही लिहा. मग आकडा पडताळा. १ लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. २,००० वॅटची केटल, उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, पावणेतीन मिनिटं घेणार. तक्त्यात ‘१ मिनिट’ लिहिलं असेल तर ५,६०० वॅट हवेत. साध्या घरगुती सॉकेटला ते झेपत नाही.

फक्त वापराचा क्षण पाहणं ही तिसरी. केटल भरावी लागते, तळाचे क्षार काढावे लागतात, एक दिवस टाकूनही द्यावी लागते. प्रत्येक टप्प्यावर तक्ता नव्याने वाचा.

एकाच ओळीवरून टीम अडून बसली असेल, तर त्या ओळीत ‘आणि’ शोधा. बहुतेक वेळा दोन फंक्शनं एकत्र कोंबलेली असतात.