पाताळपाणीच्या जुन्या रुळांलगत सहकुटुंब सायकलफेरी

इंदूरहून मुलांना घेऊन पाताळपाणीच्या धबधब्याला सायकलने जायचे असेल, तर इंदूर ते महू हा वाहनांनी गजबजलेला रस्ता सायकलवरून कापण्याचा हट्ट आधी सोडावा. सायकली गाडीवर बांधून महूपर्यंत न्याव्यात आणि पुढचे सहा-सात किलोमीटर गावच्या रस्त्याने चालवावे. दहा वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन तेवढे पुष्कळ होते. पावसाळा सरल्यावर, सकाळी सातच्या आत निघावे. पोहे-जिलेबी परतीवर ठेवावी, नाहीतर महूतच नऊ वाजतात, हा घरचा अनुभव आहे.

निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचा पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून ती ढकलून पाहावी. दाबलेले चाक तरीही फिरले, तर तार ताणून घ्यावी.

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून पाताळपाणी स्टेशनावरून जाणारा हा जुना रेल्वेमार्ग उभा राहिला. रुळांमधले अंतर फक्त एक मीटर आहे. फलाटावरून ते दाखवून, आपली सायकल त्यात आडवी मावेल का, असे मुलांना विचारावे. बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात आणि चुकतात. मात्र रूळ कितीही निर्जन दिसले, तरी त्यांवर, पुलांवर किंवा बोगद्यांत सायकल नेऊ नये. पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट पाहण्यासाठी 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली हेरिटेज गाडी आहे; ती ठरावीक दिवशीच धावत असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

स्टेशनाजवळ सायकलींना कुलूप लावून जंगलात मळलेल्या पायवाटेने, एक मोठा पुढे आणि एक मागे, असे चालावे. सागाचे खाली पडलेले कोवळे पान मिळाले, तर ते मुलांच्या तळहातांवर चोळावे. हात लालभडक होतात आणि साग ओळखायला त्यांना पुन्हा शिकवावे लागत नाही. धबधबा वरच्या कठड्यापासूनच पाहावा. जुलै 2011 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात येथे एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली होती, त्यामुळे प्रवाह उथळ दिसला तरी पात्रात उतरू नये.

परतण्यापूर्वी टंट्या मामांच्या मंदिरापाशी थांबावे. 1889 साली जबलपूरला फाशी गेलेल्या या भिल्ल वीराला मान देऊन रेल्वेगाड्या येथे क्षणभर थांबत आल्या आहेत. मुलांना पाणी पाजायलाही हीच जागा बरी.