ब्राँझच्या घाटाचं जुनं चिनी पोर्सिलेन कसं बघायचं

प्राचीन चिनी ब्राँझ भांड्यांच्या घाटात, म्हणजे आकारात, घडवलेली पोर्सिलेनची भांडी असतात. बहुतेक लोक असं भांडं हातात आलं रे आलं की पालथं घालून खालची मोहोर वाचायला लागतात, तेवढं नका करू. छियानलोंग बादशहाच्या (1736 ते 1795) नावाची मोहोर पुढे 19व्या, 20व्या शतकातही भांड्यांवर सर्रास मारलीय, त्यामुळे नुसत्या मोहोरेवरून काहीच ठरत नाही.

आधी घाट बघा. इथे मी बोलतोय ती भांडी बिननक्षीची, एकाच रंगाची, म्हणजे घाटातली चूक लपायला जागाच नाही. "गू" म्हणजे शांग काळातला (तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा) दारूचा उंच पेला, कंबर बारीक आणि तोंड तुतारीसारखं पसरलेलं. "हू" म्हणजे पोट सुटलेली सुरई, कधीकधी मानेला दोरी ओवता येईल असे नळीसारखे पोकळ कान. "डिंग" तीन पायांचं, मुळात अन्न शिजवायचं आणि यज्ञातलं भांडं, पोर्सिलेनमध्ये आल्यावर त्याचं धूपपात्र झालं (बढती की काय ते तुम्हीच ठरवा). म्युझियममधल्या मूळ ब्राँझचा फोटो शेजारी ठेवा आणि मान, पोट, पाय यांचं प्रमाण जुळतंय का बघा. घाईत केलेली नक्कल मानेतच पकडली जाते.

मग ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर. यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे चहाच्या भुकटीसारखं दिसणारं, शेवाळी रंगावर पिवळट बारीक ठिपके, लांबून अगदी जुनं हिरवट पडलेलं ब्राँझ वाटावं असं. ग्लेझमध्ये लोह असतं आणि भट्टी हळूहळू निवताना त्यात स्फटिक तयार होतात तेच हे ठिपके, म्हणून भिंगातून बघितलं तर ते ग्लेझच्या आत दिसले पाहिजेत, वरून शिंपडल्यासारखे नाही. उठावाच्या कडांवर ग्लेझ ओघळून पातळ होतं आणि तिथे रंग बदलतो, ते पण बघा.

तडे असलेलं राखाडी-निळसर ग्लेझ असेल तर ती सोंग काळातल्या (960 ते 1279) ग्वान, म्हणजे राजदरबारासाठी केलेल्या भांड्यांची आठवण. ग्वानमध्येही ब्राँझचे घाट उचललेले असायचे, म्हणजे ही ब्राँझची नक्कल करणाऱ्याची नक्कल! छियानलोंगच्या आधीच्या योंगझेंग बादशहाच्या काळात (1723 ते 1735) जिंगदेझेन या पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध चिनी गावातल्या कारागिरांनी अशा भांड्यांच्या बुडाच्या कडेला मुद्दाम काळपट तपकिरी रंग दिला, कारण मूळ ग्वानची माती तिथे काळी दिसायची.

आता घाला पालथं. चहाभुकटीवाल्यात मोहोर बहुतेक वेळा कोरलेली किंवा दाबलेली असते, निळ्या रंगात लिहिलेली दिसली तर परत एकदा घाटाकडे बघा.