पुढचा सॉलिड एक्सल निवडताना: आधी टेप, मग पैसे

"पिकअपला पुढे सॉलिड एक्सल टाकायचाय, कुठला घेऊ?" असं कुडाळ-कणकवलीकडच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारलंत, तर तो उलट तुम्हालाच विचारील, "गाडी खंय रुतता, तां आधी सांगा." विचारतो ते बरोबर आहे. सॉलिड एक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा, आणि त्याची निवड तिथूनच सुरू होते.

इसुझू व्ही-क्रॉस, बोलेरो कॅम्पर किंवा २०२० नंतरची थार यांची पुढची चाकं एकमेकांशी आडव्या दांड्याने बांधलेली नाहीत, प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. डांबरी रस्त्यावर हे सुखाचं असतं. पण जांभ्याच्या धोंड्यावर सस्पेन्शन दबलं की चाक वर जातं आणि गाडीचं पोट, डिफरन्शियलसकट (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा), दगडाकडे खाली येतं. सॉलिड एक्सलमध्ये डिफरन्शियल चाकांच्याच पातळीला बांधलेलं असतं, त्यामुळे त्याच्याखालची जागा टायर ठरवतो, सस्पेन्शन नाही. शिवाय एक चाक वर ढकललं गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि दोन्ही जमिनीला धरून राहतात.

पण हा फायदा कुठे मिळतो? पावसाने उखडलेल्या पाणंदीत, वहाळाच्या पात्रातल्या धोंड्यांवर, ढासळलेल्या गडग्यावरून जाताना. नुसत्या चिखलात किंवा बुळबुळीत सड्यावर (कातळाच्या माळावर) गाडी घसरत असेल, तर सॉलिड एक्सलने काही होणार नाही. तिथे चांगले मड-टायर, मागे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) आणि पुढे विंच (दोर ओढणारी चरखी) एवढ्यावर भागतं. कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या बाहेर काढायला गाडी हवी असणाऱ्या दहापैकी नऊ जणांना मी एवढंच सांगेन. वाळूत रुतत असेल तर औषध टायरची हवा कमी करणं हे आहे. अर्थात किनाऱ्यावर गाडी नेऊच नये.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-०७ (सिंधुदुर्ग) असो की एमएच-०८ (रत्नागिरी), आरटीओत विचारल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिलं बोट त्या एक्सलवरच ठेवील. खासगी जमिनीवर किंवा स्पर्धेसाठी, ट्रेलरवर टाकून नेण्याची गाडी असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

नाहीतर सरळ सॉलिड एक्सलचीच गाडी घ्या. मारुती जिप्सी १९८५ ते २०१९ विकली गेली, तिला पुढे-मागे सॉलिड एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही दोन्ही सॉलिडच, पण कॉइल स्प्रिंगवर. महिंद्राच्या जुन्या जीपा आहेतच. गुरखा घेताना मात्र वर्ष बघा. २०२१ च्या नव्या मॉडेलला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे.

तरीही अदलाबदल करायचीच असेल, तर गाडीखाली आडवे व्हा.

पहिली बघायची गोष्ट म्हणजे बाजू. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून) पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) इंजिनच्या डाव्या अंगाने बाहेर पडतो की उजव्या? एक्सलचं डिफरन्शियल त्याच बाजूला हवं. ही बाजू जुळली नाही तर शाफ्ट इंजिनच्या खालून तिरका न्यावा लागतो आणि त्याचे क्रॉस (वाकूनही फिरणारे सांधे) टिकत नाहीत. अमेरिकेत टोयोटाने १९८६ च्या मॉडेलपासून पिकअपचा पुढचा सॉलिड एक्सल काढला, तेव्हापासून तिकडे ही अदलाबदल नित्याची झाली. त्यांच्या व्हिडिओंत १९७८-७९ च्या फोर्डचा डाना ६० हा एक्सल वारंवार दिसतो, त्याचं डिफरन्शियल डावीकडे. जुन्या सीजे जीपांचं मात्र उजवीकडे. शिवाय तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि आपलं उजवीकडे, त्यामुळे त्यांच्या आकृत्या बघताना स्टिअरिंगची मांडणी आरशात बघितल्यासारखी उलटी करून घ्यावी लागते. एक्सल किती दणकट आहे हा प्रश्न बाजू जुळल्यानंतरचा.

दुसरी गोष्ट रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे होतात ते. मागच्या एक्सलचा रेशो पाटी किंवा कागद न शोधता घरच्या घरी काढता येतो. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, त्या बाजूला स्टँडही लावा. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि मदतनिसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. चारला थोडं वर गेलं तर ४.१०, पावणेचारच्या जरा अलीकडे थांबलं तर ३.७३. मागे डिफरन्शियल लॉक किंवा लिमिटेड स्लिप असेल तर ही युक्ती चालत नाही, मग कव्हर काढून दातेच मोजायचे: क्राऊनचे (मोठ्या चक्राचे) ४१ आणि पिनियनचे (लहान चक्राचे) ११ म्हणजे ३.७३. भंगारात सुटा पडलेला एक्सल असेल तर एक हब घट्ट धरून ठेवायचा, दुसरा दोन फेरे फिरवायचा आणि पिनियनच्या फ्लँजचे फेरे मोजायचे.

४.१० आणि ४.११ एकत्र चालतात. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० असेल तर फोर-बाय-फोर टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. चिखलात ते चाक घसरून निभावतं, कोरड्या कातळावर ट्रान्सफर केस मोडते. सीजे-३बी या जुन्या जीपचा एक्सल स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की त्याचा रेशो ५.३८ आहे. क्राऊन-पिनियन बदलायचा खर्च धरल्यावर तो स्वस्त राहत नाही.

रुंदी मोजताना टायरच्या बाहेरून मोजू नका. हबवर रिम जिथे बसते त्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत टेप लावा आणि मागच्या एक्सलशी ताडून बघा. दोनचार सेंटिमीटरचा फरक खपतो, त्याहून जास्त असेल तर स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) लावून ओढाताण करण्यापेक्षा दुसरा एक्सल बघावा. बोल्टांचं वर्तुळही मोजा. जिप्सी आणि जिम्नीचं पाच बोल्टांचं, १३९.७ मिलिमीटरचं आहे.

कोकणात मी सर्वात जास्त वेळ घालवीन तो चाकाजवळच्या नकलवर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या भागावर. जिप्सीला आणि टोयोटाच्या जुन्या सॉलिड एक्सलला बंद नकल असते: आत सांधा, बाहेर गुळगुळीत गोल आणि त्यावर घासणारं सील. सांधा झाकलेला राहतो ही चांगली गोष्ट. पण लाल चिखल आणि खारी हवा यांनी त्या गोलाला गंज धरला की सीलचं काही चालत नाही. विकत घेताना गोल ओल्या फडक्याने पुसा आणि बोटाचं नख त्यावरून सावकाश ओढा. नख अडकलं तर खड्डे पडलेत. नवीन सील टाकूनही पहिल्याच पावसात आतलं ग्रीस दुधाळ होणार. डाना ४४ सारख्या उघड्या नकलेत हा गोल नसतो, क्रॉस समोर दिसतो आणि पटकन बदलता येतो, पण तो दगड-पाण्याच्या थेट तोंडाशी असतो. मला बंद नकलेचा चांगला एक्सल आणि उघड्या नकलेचा चांगला एक्सल यांत निवड करायची झाली, तर खाडीकाठच्या गावासाठी मी उघडी घेईन.

डिफरन्शियलचं कव्हर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. तेल दुधाच्या कॉफीच्या रंगाचं दिसलं की पाणी गेलेलं आहे. हाऊसिंगवर कुठे जुनं वेल्डिंग असेल तर का केलं ते विचारा.

स्टिअरिंगमध्ये अनेक बेत कोलमडतात. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) असेल तर तो सॉलिड एक्सलला उपयोगाचा नाही. चेसिसला स्टिअरिंग बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्सचा फिरता हात) आणि तिथून विरुद्ध चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक बसवावी लागते. पाट्यांवर काम त्यातल्या त्यात सोपं: हँगर, शॅकल, यू-बोल्ट. कॉइल हवी असेल तर लिंक-आर्मच्या जोडीला एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड लागतो आणि तो ड्रॅग लिंकला समांतर, शक्यतो तितक्याच लांबीचा हवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातातून आपोआप फिरतं. घरच्या गाडीला मी पाटेच सुचवीन.

कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) चार ते सहा अंशांत ठेवा. कमी पडला तर गाडी सरळ चालत नाही. एक्सल पुढे-मागे फिरवून कॅस्टर साधायला गेलात की पिनियनचा कोन बिघडतो, म्हणून कधीकधी नकल धरणारे इंग्रजी सी-आकाराचे भाग कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. हे काम गेटच्या जाळ्या जोडणाऱ्याकडे देऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, जिग आणि ओतकाम जाणणारी माणसं आहेत, घाट चढून तिथे जा.

वेल्डिंगआधी एक्सल जॅकने पूर्ण वर दाबून बघा. तो इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला लागत असेल तर बंप स्टॉप (एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) आधी बसवा किंवा गाडी उचला. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण लोंबकळलं तरी ताणले जाऊ नयेत. एबीएसचे सेन्सर आणि मास्टर सिलिंडर जुळतात का हेही आताच बघून घ्या.

बसवल्यावर ब्रीदरची (एक्सलला हवा घेऊ-सोडू देणारी) नळी इंजिन बेपर्यंत वर न्या. तापलेला एक्सल वहाळाच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी तिथूनच ओढलं जातं. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेच्या सुमारास परत. खोल पाण्यातून आलात तर दुसऱ्या दिवशी एक्सलचा प्लग सोडून तेलाचा रंग बघा. खाडीचं पाणी लागलं असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने एक्सल, पाटे आणि ब्रेक धुऊन घ्या.