किल्ल्यांचा ब्लॉग चालवायचाय? मग या चुका टाळा

सह्याद्रीत भटकणाऱ्या बऱ्याच जणांचा कधी ना कधी ब्लॉग निघतो. पहिल्या पावसाळ्यात चार-पाच लेख धडाधड पडतात, दिवाळीनंतर एखादा, आणि मग पान तसंच राहतं. गूगलवर मात्र ते सापडत राहतं. शुक्रवारी रात्री कुणीतरी 'हरिश्चंद्रगडला कसं जायचं' असं शोधतं, तुमचा लेख उघडतं आणि शनिवारी पहाटे त्याच्या भरवशावर घराबाहेर पडतं. किल्ल्यांच्या ब्लॉगवर होणाऱ्या बहुतेक चुका या वाचकाचा विसर पडल्यामुळे होतात. म्हणून खालचं सगळं त्याला समोर ठेवूनच वाचा.

आधी हद्द आखा

'माझी भटकंती' असं नाव द्यायचं आणि त्यात किल्ले, पाककृती, मोबाइलची परीक्षणं, निवडणुकीवरची मतं असं सगळं भरायचं, ही सुरुवातीचीच चूक. वाचक एका कामासाठी येतो आणि दुसरं काही दिसलं की परत फिरतो. त्यापेक्षा एखादी डोंगररांग किंवा एक जिल्हा धरा. नाशिक जिल्ह्यातली सेलबारी-डोलबारी रांग घेतली तरी साल्हेर, मुल्हेर, मोरा, हरगड, सालोटा असं वर्षभर पुरेल एवढं काम आहे. त्या भागात जाणाऱ्याला तुमचं नाव आठवायला लागलं की हद्द वाढवता येते.

ब्लॉग कुठे उघडायचा, ब्लॉगरवर की वर्डप्रेसवर, यावर फार वेळ घालवू नका. ब्लॉगर फुकट आहे आणि लेख नि फोटो टाकायला पुरेसं आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगसाठी स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, घेणार असाल तर एकच पथ्य पाळा: नोंदणी तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर हवी. ब्लॉग बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने ती स्वतःच्या खात्यातून केली आणि पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, की नूतनीकरणाची सूचना तुमच्यापर्यंत पोचतच नाही. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून ठेवा.

टायपिंग आणि पानाचा पत्ता

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला निरर्थक अक्षरं दिसतात आणि गूगललाही त्यातलं काही कळत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये साठवलेले जुने लेख असतील तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या देवनागरीत, बदलून घ्या. किल्ल्यांवर लिहिणाऱ्याला 'पायऱ्या', 'दऱ्या', 'खोऱ्यात' हे शब्द पानोपानी लागतात आणि तिथेच 'पायर्या', 'दर्या' असं पडतं. यासाठी र ऐवजी नुक्त्याचा ऱ टाइप करायचा, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्ट दाबून र च्याच कळीवर मिळतो. चुकीचं लिहिलेलं वाचताना खडा लागतोच, शिवाय 'पायऱ्या' शोधणाऱ्याला लेख सापडण्याची शक्यताही कमी होते.

पानाच्या पत्त्याकडे तर जवळजवळ कुणीच बघत नाही. देवनागरी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा टाकतं. वर्डप्रेसचा देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती दुवा म्हणून ओळखतही नाहीत. प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः लिहा: रोमन लिपीत किल्ल्याचं नाव आणि वाटेचं नाव, बस्स. वर्ष घालू नका. आणि एकदा लेख बाहेर पडला की पत्ता बदलू नका, नाहीतर लोकांनी ठिकठिकाणी दिलेले दुवे मरतात.

लेख कसा बांधायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रात्री किती वाजता निघालो, कोण उशिरा आलं, कुठे चहा-वडापाव झाला, हे सांगण्यात लेखाचा अर्धा भाग जातो. प्रवासवर्णन लिहायला काहीच हरकत नाही, मलाही ते वाचायला आवडतं. पण कामाची माहिती त्याच्या आधी, सगळ्यात वर द्या: पायथ्याचं गाव, तिथवर जायची सोय, चढाईला लागणारा वेळ, अवघड टप्पा कोणता, पाणी कुठे आहे, मुक्काम करता येतो का आणि तुम्ही कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी गेला होतात. डोंगरात रेंज नसते, त्यामुळे लोक निघण्याआधी या भागाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात. तो एका स्क्रीनवर मावेल असा लिहा.

यातलं पाणी आणि महिना यांची जोडी तुटू देऊ नका. 'गडावर पिण्याच्या पाण्याची टाकी आहेत' हे वाक्य ऑक्टोबरमध्ये खरं आणि मे महिन्यात घातक ठरू शकतं. 'जानेवारीच्या शेवटी मंदिरामागच्या टाक्यात पाणी होतं, आम्ही उकळून प्यायलो' असं लिहिलं की वाचक स्वतःचा अंदाज स्वतः बांधतो. 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' या शब्दांचंही तसंच आहे. रोज डोंगर चढणाऱ्याला सोपा वाटलेला कातळ पहिल्यांदा आलेल्याचे पाय लटपटवतो. म्हणून टप्प्याचं वर्णन करा: किती उंच, पकडायला खोबणी किंवा रेलिंग आहे का, ओला असताना काय होतं, उतरताना तोंड कुठे करावं लागतं.

वाट सांगताना 'थोडं पुढे गेल्यावर डावीकडे वळा' असं कधीही लिहू नका. हरिश्चंद्रगडाचीच खिरेश्वरकडची वाट घ्या. कामाचं वर्णन साधारण असं असतं: खिरेश्वरहून मळलेल्या वाटेने तोलार खिंडीत यायचं. तिथे दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे, ते दिसलं की खिंड आली. सरळ जाणारी वाट कोथळे गावाकडे उतरते, गडाची वाट डावीकडच्या कातळावर चढते आणि तिथे रेलिंग लावलेलं आहे. कातळ संपला की खरी परीक्षा सुरू होते, कारण पुढचं पठार झाडीचं आहे, वाटांना फाटे फुटतात आणि धुक्यात लोक इथेच भरकटतात. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुठे चुकायला होतं हे सांगणारा लेख दुर्मीळ असतो, आणि वाचक त्यासाठीच तुमच्याकडे परत येतो. याच गडावर पाचनईची वाट सोपी आहे आणि बेलपाड्याची नळीची वाट दोरासह अनुभवी सोबत मागणारी आहे. तिन्ही वाटांना मिळून 'हरिश्चंद्रगड ट्रेक' असा एकच लेख करू नका, वेगवेगळे करा. जीपीएसवर वाट नोंदवली असेल तर फाइलही जोडा, पण तिच्या जोरावर वर्णनात हात आखडता घेऊ नका.

पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवलात त्यांचा फोन नंबर विचारल्याशिवाय छापू नका. विचाराल तर बहुतेक जण आनंदाने देतात, पण मग रात्री-बेरात्री फोन येणार हेही त्यांना आधी सांगायला हवं.

इतिहासाचा उतारा

एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा इतिहास उतरत जातो आणि चूक असली तर तीही शब्दशः उतरते. तानाजी मालुसरे १६७० मध्ये पडले म्हणून कोंढाण्याला सिंहगड नाव मिळालं, असं शेकडो ठिकाणी लिहिलेलं आढळेल. शिवकालीन पत्रव्यवहारात मात्र हे नाव त्याच्या आधीही येतं. तानाजी घोरपडीच्या मदतीने कडा चढला ही कथा सांगायची तर जरूर सांगा, पण 'अशी आख्यायिका आहे' हे तीन शब्द गाळू नका. बखरीचा आधार घेताना ती कधी लिहिली गेली तेही बघा. सभासदाची बखर १६९४ च्या सुमाराची, म्हणजे शिवरायांच्या निधनानंतर चौदा वर्षांची, आणि बाकीच्या बऱ्याचशा बखरी तिच्याही कितीतरी नंतरच्या आहेत. प्रत्येक किल्ल्याचा सातवाहनांपासूनचा इतिहास देण्याची गरज नसते. तुम्ही उभे होतात त्या दरवाजाबद्दल, त्या टाक्याबद्दल खात्रीचं दोन ओळींत सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

फोटो, आणि दुसऱ्यांचं लेखन

फोनमधून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही. रुंदी साधारण १२०० पिक्सेल ठेवा. मूळ फोटो स्वतःकडे हार्ड डिस्कवर जपा. फोटो ठेवायच्या सेवांपैकी पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, फ्लिकरने २०१९ पासून फुकट खात्यांवर हजार फोटोंची मर्यादा घातली, आणि दुसरीकडे ठेवून जोडलेले फोटो असलेल्या ब्लॉगना अशा बदलांचा फटका बसतो. सगळ्या लेखांची प्रत दर काही महिन्यांनी उतरवून घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत त्याची सोय आहे आणि पाच मिनिटांत काम होतं.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाय सोडून बसलेला किंवा हरिहर गडाच्या पायऱ्यांवर हात सोडून उभा राहिलेला फोटो टाकू नका, कितीही सुंदर आला तरी. लोक तोच फोटो काढायला जातात. या बाबतीत मी कुणाचंही दुसरं मत ऐकायला तयार नाही.

लेखाच्या शेवटी कविता चिकटवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. भारतातल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत, तेव्हा अख्खी कविता उतरवून खाली फक्त नाव लिहिलं तरी ते चालत नाही. गूगलवर सापडलेला फोटोही असा नुसतं नाव लिहून वापरता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा भाग वापरता येतो, श्रेय मात्र द्यावंच लागतं.

पैसे आले तर

अॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेतून मराठी पानांवर जाहिराती लावता येतात. पण १०० डॉलर साठेपर्यंत पैसे हातात पडत नाहीत, आणि स्वतःच्या किंवा मित्रांच्या क्लिकने आकडा वाढवायला गेलात तर खातं बंद होतं. बुटांच्या कंपनीने बूट दिले, ट्रेक नेणाऱ्या संस्थेने फुकट नेलं, तर लेखाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. जाहिरात मानक परिषदेचे असे नियम २०२१ पासून आहेतच, पण नसते तरी लिहायला हवं होतं. सुरक्षिततेबद्दल तुमचं म्हणणं लोक मानतात आणि ते विकलेलं नाही एवढं त्यांना कळलं पाहिजे.

जुन्या लेखांची देखभाल

नवीन लेख लिहिण्याच्या नादात जुने वाऱ्यावर सोडणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. वाटा दरडीने बुजतात, रेलिंग तुटतात, एसटीच्या वेळा बदलतात, मुक्कामावर बंदी येते. पावसाळ्यात धबधबे आणि काही गडांवर जाण्यास प्रशासन मनाई आदेश काढतं. ११ जुलै २०२५ रोजी बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. साल्हेर, राजगड, लोहगड, पन्हाळा यांवरच्या जुन्या लेखांत तेवढीही भर पडलेली नसेल तर बाकीच्या माहितीवर वाचकाने का विश्वास ठेवावा?

वर्षातून दोन वेळा बसा: एकदा मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, मोसम सुरू होताना. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. कोणती पानं लोक शोधून उघडतात ते त्यात बघा आणि सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या दहा लेखांपासून सुरुवात करा. पायथ्याच्या गावात एक फोन लावला तर निम्मी कामं होतात. बदल मजकुरात गुपचूप मिसळू नका. वरच्या माहितीच्या खाली तारीख टाकून लिहा: 'ऑक्टोबर, दुसऱ्या दरवाजाजवळची वाट ढासळली आहे, गावकरी उजवीकडून वळसा घालतात.' स्वतः जाऊन पाहिलं नसेल तर कुणाकडून कळलं तेही लिहा. आणि एखाद्या किल्ल्याची माहिती फार जुनी झाली असेल, पुन्हा जाणं होत नसेल, तर 'या लेखातली वाटेची माहिती अमुक सालची आहे, निघण्याआधी गावात चौकशी करा' अशी ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाका.