फरसबीचं लोणचं: व्हिनेगरमध्ये काटकसर नको

ठाण्यात जांभळी नाक्यावर कोवळी फरसबी दिसली की मी किलोभर जास्तच घेते. बरणीत भरून ठेवायची तर एक गोष्ट आधी सांगते, कारण ती जिवाशी खेळ आहे: नुसत्या मिठाच्या पाण्यात फरसबी उकळून हवाबंद करू नका. या भाजीत आंबटपणा फार कमी. बोट्युलिझम म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा; तिच्या जंतूचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीतही टिकतात आणि हवा नसलेल्या बरणीत विष तयार करतात. वासावरून ते कळेलच असं नाही.

म्हणून व्हिनेगर. बाटलीवर आम्लता 5 टक्के लिहिलेली बघूनच घ्या. 4 टक्क्यांचंही मिळतं, ते इथे नको.

अर्धा किलो फरसबीची टोकं काढा, शिरा ओढा आणि बरणीच्या उंचीला अर्धा इंच कमी पडेल अशी कापा. कट्कन मोडली तर घ्या, वाकली तर भाजीला ठेवा. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत लसूण, मोहरी, हिरवी मिरची आणि शेपूची काडी घालून शेंगा उभ्या दाटून भरा. सव्वा कप व्हिनेगर, सव्वा कप पाणी, दोन मोठे चमचे मीठ उकळून गरमच ओता. शेंगा पूर्ण बुडायला हव्यात. पाणी वाढवायचा मोह आवरा.

गार झाली की बरणी थेट फ्रीजमध्ये. ठाण्याच्या दमट हवेत ओट्यावर ठेवू नका. आठवड्याने चव मुरते; वरणभातासोबत शेंग कुरकुरीत लागते.