स्कॉटलंडच्या डोंगरांची तयारी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात

बेन नेव्हिस स्कॉटलंडातला सर्वांत उंच डोंगर, तरी १,३४५ मीटरच, कळसूबाईहून ठेंगणा. घात करतो तो गारठा. पणजीत भिजलेला सुती बनियन अंगावरच सुकतो, तिथल्या वाऱ्यात तोच अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवा. आत लोकरी किंवा पॉलिस्टर, वर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर), त्यावर पाणी न शिरणारं जाकीट.

वेळेचा हिशोब: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. नवख्यांनी दीडपट धरावा. नकाशा-होकायंत्राचा सराव चोर्ला घाटाच्या धुक्यात, जाणकार सोबतीने करूनच जा. अडकलात तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९. आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक.